लाल स्क्रीन दाखवून ३५,००० रुपये उकळले: 'मीडिया ऑफलाइन' म्हणजे फुटेज गेलं असं कुणी सांगितलं तर थांबा

डेटा रिकव्हरीच्या नावाखाली काय चालतं ते व्हिडिओवाल्यांना नव्याने सांगायला नको. आधी घाबरवायचं, मग तपासणीचे पैसे, मग ॲडव्हान्स, मग काम अर्ध्यावर असताना नवा खर्च. एवढं माहीत असूनही आमच्या लग्नाच्या युनिटचे ३५,००० रुपये पुण्यातल्या एका दुकानाने काढून घेतले. संताप याचा की फुटेज कुठेही गेलं नव्हतं. त्याच डिस्कवर होतं, नावं-तारखांसकट.

हिशेब असा. तपासणी १,५००. 'हेड (डिस्कवरचा डेटा वाचणारा भाग) बदलायचं' म्हणून ॲडव्हान्स १६,०००. 'सुटा भाग काढायला त्याच मॉडेलची डोनर डिस्क मागवावी लागेल' म्हणून १४,५००. पार्टीला, म्हणजे लग्नवाल्या ग्राहकाला, व्हिडिओ द्यायची तारीख तोंडावर आहे हे कळल्यावर 'अर्जंट'चे ३,०००. सगळे यूपीआयने, दुकानाच्या नव्हे, एका माणसाच्या खात्यावर. बिल मागितलं तर 'बिल हवं तर १८ टक्के वरून द्या' हे उत्तर. बिल द्यायला कुणी असे आढेवेढे घेतले की डिस्क उचला आणि बाहेर पडा.

मूळ बिघाड क्षुल्लक होता. २ टीबीची पोर्टेबल डिस्क, लॅपटॉपला लावली की टकटक आवाज आणि ड्राइव्ह दिसत नाही. या डिस्कची चपटी, रुंद पिन सैल झाली किंवा हबमधून करंट कमी पडला, तरी मोटर पूर्ण वेग घेत नाही आणि तशीच टकटक होते. हेड गेल्यावरही आवाज जवळपास तसाच येतो. फरक कळायला दुसरी केबल आणि डेस्कटॉपचा मागचा पोर्ट एवढं पुरतं, पण ते एकदाच करून बघायचं. तरी आवाज आला तर लगेच बंद. कारण हेड खरंच गेलं असेल तर चालू करण्याच्या प्रत्येक प्रयत्नात प्लॅटर (डेटा साठवणारी चकती) खरवडला जाऊ शकतो. आवाज आल्याबरोबर डिस्क बंद करून जाणकाराकडे नेली यात गैर काहीच नव्हतं, कोणताही अनुभवी माणूस तेच सांगेल. गैर झालं ते दुकानात.

डिस्क आतल्या खोलीत नेली. थोड्या वेळाने बाहेरच्या मॉनिटरवर प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आमचाच प्रोजेक्ट उघडून दाखवला. टाइमलाइनवरच्या सगळ्या क्लिप लाल, प्रोग्राम मॉनिटरवर (एडिट दिसते त्या चौकटीत) अनेक भाषांत 'मीडिया ऑफलाइन'. 'बघा, हेड वाचतच नाही, सगळं फुटेज करप्ट झालंय.'

इथेच कळायला हवं होतं. तो प्रोजेक्ट त्याच डिस्कवर होता! हेड वाचत नाही, तर प्रोजेक्ट उघडला कशाने? एवढा साधा प्रश्न त्या क्षणी सुचला नाही, कारण समोर लाल स्क्रीन होती आणि डोक्यात पार्टीचा फोन. ही माणसं नेमकी त्याच घाईवर पोट भरतात. पार्टीला कळवायला मोबाइलवर त्या स्क्रीनचा फोटो काढला होता. नंतर मोठा करून पाहिला तर प्रीमिअरच्या मागे विंडोजच्या फोल्डर दाखवणाऱ्या एक्सप्लोररची अर्धवट उघडी खिडकी दिसते आणि त्यात आमच्या 'फुटेज' फोल्डरचं नाव 'फुटेज_१'. ते नाव आम्ही कधीच दिलेलं नाही. म्हणजे डिस्क त्यांच्याकडे केबल बदलताच चालू झाली, त्यांनी फोल्डरचं नाव बदललं आणि मग आम्हाला बोलावलं.

प्रोजेक्ट फाइलमध्ये फुटेज नसतं. कोणती फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे तो पत्ता आणि कुठून कुठपर्यंत कापली तेवढंच असतं, म्हणून ती इतकी लहान असते. पत्त्यावर फाइल सापडली नाही की प्रीमिअर लाल स्क्रीन दाखवतं. त्याला फाइल खराब आहे की नाही ते माहीतच नसतं. फाइल खरंच खराब असेल तर ती इम्पोर्टच होत नाही किंवा चित्रात हिरवे-करडे चौकोन येतात. डिस्क मरत असेल तर कॉपी अडकते, एक्सप्लोरर गोठतो, विंडोज फॉरमॅट करायचं का विचारतं. लाल स्क्रीन यातलं काहीच सिद्ध करत नाही.

मग 'रिकव्हरी' होऊन डिस्क परत आली. तीच डिस्क! हेड बदललेली डिस्क कोणीही शहाणा माणूस पुन्हा वापरायला देत नाही. त्यातून डेटा दुसऱ्या डिस्कवर काढतात आणि जुनी बाजूला ठेवतात. फोटोरेकसारख्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने काढलेल्या फाइलींना मूळ नावं मिळत नाहीत, 'एफ' आणि पुढे लांबलचक आकडा अशी नावं येतात. आमच्या क्लिप मूळ नावांनी, शूटच्या तारखांसह जागच्या जागी होत्या. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो सॉफ्टवेअरमध्ये पाहिलं तर सीझनच्या सुरुवातीच्या स्क्रीनशॉटपेक्षा पॉवर ऑन तास (डिस्क एकूण किती वेळ चालली ते) मोजकेच वाढलेले, आणि तेवढी एडिटिंग आमच्याकडेच झाली होती. २ टीबीची पूर्ण प्रत सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने काढली तरी साडेपाच तास लागतात. तेवढा वेळही ती डिस्क तिथे चालली नाही. डिस्क बाहेर देण्यापूर्वी या आकड्यांचा आणि सिरीयल नंबरचा फोटो काढाच.

वर आणखी नुकसान. 'प्रोजेक्टही दुरुस्त करून देतो' म्हणून त्यांनी क्लिप परत जोडल्या, त्या चुकीच्या. सोनीच्या कॅमेऱ्यात नंबरिंग रिसेटवर असेल तर प्रत्येक कार्डावर सी०००१ पासून सुरुवात होते. हळद एका कार्डावर, रिसेप्शन दुसऱ्यावर, दोन्हीकडे सी०००१. क्लिप परत जोडायच्या 'लिंक मीडिया' खिडकीत 'रिलिंक अदर्स ऑटोमॅटिकली'ची खूण तशीच ठेवली की एका फोल्डरवरून बाकीच्या सगळ्या आपोआप जोडल्या जातात. सप्तपदीच्या जागी डीजेचा नाच आला. अशा वेळी ती खूण काढायची, कार्डनिहाय फोल्डर घेऊन एकेका गटाचं रिलिंक करायचं, आणि क्लिपचा टाइमकोड (क्लिपवरची वेळेची नोंद) व लांबी ताडून मगच ओके दाबायचं. नंबरिंग कॅमेऱ्यात 'सीरिज'वर ठेवा. रिलिंक करण्यापूर्वी प्रोजेक्टची वेगळ्या नावाने प्रत करा, आणि शेजारचं ऑटो-सेव्ह फोल्डर कोणालाही पुसू देऊ नका. आमचा मूळ कट तिथूनच मिळाला.

फोल्डरचं नाव परत 'फुटेज' केलं आणि त्या जुन्या प्रतीत सगळ्या क्लिप आपोआप जोडल्या गेल्या. लिंक मीडियाही लागलं नाही. याचे ३५,०००.

खरंच डिलीट झालेल्या फाइलींची गोष्ट वेगळी. हार्ड डिस्कवर त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत आशा असते, म्हणून त्या डिस्कवर काहीही कॉपी करायचं नाही, सॉफ्टवेअरही तिथे टाकायचं नाही. एसएसडीवर ट्रिम (डिलीट केलेल्या फाइलींची जागा रिकामी करून टाकणारी सोय) चालू असेल तर बहुतेक वेळा काहीच हाती लागत नाही. तिथे कुणी शंभर टक्क्यांची हमी देत असेल तर तो खोटं बोलतोय.

आता तक्रारीचं. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, सांगितलं की ही ऑनलाइन फसवणूक नाही, तुम्ही स्वतः दुकानात गेला होतात. पोलीस चौकीत 'तुम्ही पैसे स्वखुशीने दिलेत, दिवाणी बाब आहे, ग्राहक कोर्टात जा'. स्वखुशीने? खोटं दाखवून पैसे घेणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ नुसार फसवणूक आहे, ३१८(४) ला ७ वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, गुन्हा दखलपात्र आहे. हे बोललं तर 'कायदा शिकवू नका'. अर्ज घ्यायचा, पोच द्यायची नाही. पोच मागितली तर साहेब नाहीत. फोल्डरच्या नावाचा फोटो दाखवला तर 'यात काय दिसतंय?' हार्ड डिस्क म्हणजे काय हे समजावण्यातच वेळ जातो, आणि समजल्यावर प्रकरण दुसऱ्या टेबलावर. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ने तक्रार नोंदवली, दुकानाने उत्तर दिलं नाही, तक्रार बंद. उत्तर न देणाऱ्याचा फायदा आणि कागद घेऊन फिरणाऱ्याला हेलपाटे, ही कुठली पद्धत?

चौकीत गुन्हा नोंदवत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार टपालाने पाठवता येते. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. ग्राहक आयोगात 'तुमचा धंदा आहे, तुम्ही ग्राहक नाही' असं तोंडावर सांगतात, तर २०१९ च्या कायद्यातलं कलम २(७) चं स्पष्टीकरण पुढे करा: पोटापाण्यासाठी स्वतः करायच्या कामाला घेतलेल्या वस्तूंचा वापर व्यावसायिक हेतूत येत नाही (त्यात शब्द वस्तूंचा आहे, सेवेचा नाही). बिल नाकारणं हीच त्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत २ वर्षं. आमच्या तक्रारीला यूपीआयच्या चारही नोंदी, बिल नाकारल्याचा व्हॉट्सॲप मेसेज, पॉवर ऑन तासांचे दोन स्क्रीनशॉट आणि 'फुटेज_१' दिसणारा तो फोटो जोडला आहे.