मोबाईलचा हॉटस्पॉट लॅपटॉपला दिसत नाही: बँड बदलावा, केबल लावावी की नवा अडॅप्टर घ्यावा?

लॅपटॉपवर शेजारपाजारची पाच-सहा वाय-फाय नावं दिसतात, पण हातभर अंतरावर ठेवलेल्या आपल्याच मोबाईलचा हॉटस्पॉट काही यादीत येत नाही. दुरुस्तीच्या दुकानात यावर झटपट निदान मिळतं: लॅपटॉपातलं वाय-फाय कार्ड गेलंय. पण कार्ड खरंच गेलं असतं तर शेजाऱ्यांचं वाय-फायही दिसलं नसतं. अशा वेळी बहुधा दोन्ही यंत्रं धडधाकट असतात. फोन ज्या लहरींवर हॉटस्पॉट सोडतोय, त्या पकडायची सोय लॅपटॉपात नसते. त्यामुळे पैसे खर्च करण्याआधी पाच मार्ग तोलून बघावेत. फोनवरचा बँड (वाय-फायच्या लहरींचा पट्टा) बदलणं, यूएसबी केबल, ब्लूटूथ, बाहेरून लावायचा वाय-फाय अडॅप्टर आणि आतलं कार्ड बदलणं. पहिल्या तिघांना बहुतेकदा काहीच खर्च येत नाही.

आधी दोष कुणाचा ते ठरवा

हॉटस्पॉट चालू करून घरातला दुसरा फोन घ्या. त्यालाही नाव दिसत नसेल तर लॅपटॉपला हातही लावू नका. फोनमध्ये डेटा सेव्हर चालू आहे का, हॉटस्पॉटचं नाव लपवलेलं आहे का, कुणी जोडलेलं नसलं की ठरावीक मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय चालू आहे का, एवढं बघा. आयफोनची एक खोड वेगळीच आहे: पर्सनल हॉटस्पॉटच्या पानावरून बाहेर पडलात की थोड्या वेळाने तो नाव प्रसारित करणं थांबवतो. लॅपटॉप जोडला जाईपर्यंत ते पान उघडं ठेवा.

दुसऱ्या फोनला दिसतंय, पण लॅपटॉपला कुठलंच वाय-फाय दिसत नाही, असं असेल तर एअरप्लेन मोड आणि वाय-फायची फंक्शन की बघा. काही जुन्या लॅपटॉपांना कडेला सरकवायचं बटणही असतं. मग विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्सखाली वायरलेस कार्डाचं नाव आहे का ते तपासा. नसेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघण्यासारखी असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. अडकलेलं कार्ड यानंतर बऱ्याचदा परत येतं. नाव आहे पण यादी रिकामी असेल, तर सर्व्हिसेसमध्ये ‘डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग’ चालू आणि ऑटोमॅटिकवर आहे ना, ते बघा.

बाकी सगळी वाय-फाय दिसतात आणि फक्त तुमचा हॉटस्पॉट दिसत नाही, ही तिसरी शक्यता. बहुतेक वाचक इथेच असतील, म्हणून पहिला मार्ग नीट समजून घ्या.

मार्ग पहिला: फोनवरचा बँड बदला

हॉटस्पॉट सहसा २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झवर चालतो. बरेच नवे फोन वेगासाठी आपणहून ५ निवडतात. पण स्वस्त किंवा जुन्या लॅपटॉपांतली कितीतरी कार्डं फक्त २.४ची असतात: रिअलटेकची ८७२३बीई आणि ८७२३डीई, क्वालकॉम अथेरॉसचं क्यूसीए ९५६५, ब्रॉडकॉमचं ४३१४२. यांपैकी एखादा क्रमांक डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसला तर शोध तिथेच संपला. या कार्डाला ५चा हॉटस्पॉट कधीच दिसणार नाही. ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) कितीही वेळा बदला.

बदल फोनवर करायचा. पिक्सेलमध्ये ‘हॉटस्पॉट अँड टेथरिंग’मधल्या वाय-फाय हॉटस्पॉटखाली ‘एक्स्टेंड कम्पॅटिबिलिटी’ चालू करा. सॅमसंगमध्ये ‘कनेक्शन्स’मधून मोबाईल हॉटस्पॉटच्या नावावर जा आणि बँड २.४ करा. शाओमीत पोर्टेबल हॉटस्पॉटच्या सेटअपमध्ये ‘एपी बँड’ असतो. आयफोन १२ आणि त्यापुढच्यांत ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ हे बटण तेच काम करतं. बदल केल्यावर हॉटस्पॉट एकदा बंद करून पुन्हा चालू करा.

२.४वर आणूनही दिसत नसेल तर संशय वाय-फाय ६वर, म्हणजे वाय-फायच्या नव्या पिढीवर, घ्या. इंटेलच्या ७२६० किंवा ७२६५सारख्या कार्डांचे जुने ड्रायव्हर वाय-फाय ६ची घोषणा करणारं नेटवर्क यादीत दाखवतच नाहीत. फोनमध्ये वाय-फाय ६चा वेगळा पर्याय असेल तर तो बंद करा, नाहीतर इंटेलच्या साइटवरून नवा ड्रायव्हर घ्या. काही महागडे फोन ६ गिगाहर्ट्झवरही हॉटस्पॉट देतात. त्यासाठी लॅपटॉपात तसं कार्ड आणि विंडोज ११ दोन्ही लागतं.

नाव दिसतं पण जोडलं जात नाही, हा निराळा रोग. तिथे फोनवर हॉटस्पॉटची सुरक्षा डब्ल्यूपीए३वरून डब्ल्यूपीए२वर आणा.

हॉटस्पॉटचं नाव मराठीत ठेवणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. वाय-फायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. म्हणजे ‘माझा मोबाईल’ ३१ बाइटांत कसंबसं बसतं. जुन्या विंडोजवर किंवा जुन्या ड्रायव्हरबरोबर असं नाव अगम्य चिन्हांत दिसू शकतं आणि आपण मात्र ‘दिसतच नाही’ म्हणून शोधत बसतो. निदान चाचणीपुरतं तरी नाव साध्या रोमन अक्षरांत ठेवा. इमोजी आणि आयफोनच्या नावातली वळणदार ॲपॉस्ट्रॉफीही काढा.

२.४वर आल्याने वेग किती गेला? साधं एका अँटेनाचं कार्ड २.४वर ७२ एमबीपीएसचा दुवा (लिंक स्पीड) दाखवतं, त्यातून हाती लागतात साधारण ३५ ते ४५. सिमवर ४जी असेल तर अडसर बहुधा टॉवरचा असतो, वाय-फायचा नाही. फरक जाणवणारही नाही. ५जी चांगलं पकडत असेल तर मात्र नुकसान खरं आहे. शिवाय गच्च वस्तीच्या इमारतीत २.४वर गर्दी असते आणि लॅपटॉपला ब्लूटूथ हेडफोन जोडलेला असेल तर आवाज तुटू शकतो, कारण तोही त्याच लहरींवर चालतो. दुसरीकडे भिंती भेदण्यात २.४च सरस. कोकणात जांभ्याच्या घरात फोनला खिडकीतच रेंज मिळते आणि लॅपटॉप माजघरात असतो, तिथे ५ गिगाहर्ट्झचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

मार्ग दुसरा: यूएसबी टेथरिंग

टेथरिंग म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणं, इथे केबलने. आमच्या मते एका जागी बसून काम करणाऱ्याने हॉटस्पॉटचा नाद सोडून हाच मार्ग कायमचा धरावा. यात बँड, कार्ड, पासवर्ड काही आड येत नाही. फोन तापतो तोही कमी, कारण त्याला वाय-फाय प्रसारित करावं लागत नाही, आणि चार्जिंगही चालू राहतं; अर्थात साध्या यूएसबी २ पोर्टमधून मिळतात जेमतेम ५०० मिलीॲम्पिअर. लॅपटॉप बॅटरीवर असेल तर ती फोनलाही पोसते, हे लक्षात ठेवा.

अँड्रॉइडवर आधी केबल जोडा, मग टेथरिंगच्या पानावर ‘यूएसबी टेथरिंग’ चालू करा. पर्याय फिकट दिसत असेल तर केबल बहुधा फक्त चार्जिंगची आहे: पॉवर बँकेबरोबर येणाऱ्या कितीतरी केबलींत डेटाच्या तारा नसतात. फोनच्या डब्यातली मूळ केबल घ्या. विंडोजने फोन ओळखला पण इंटरनेट आलं नाही, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या नोंदीचा ड्रायव्हर हाताने निवडा: नेटवर्क अडॅप्टर्स, मग मायक्रोसॉफ्ट, मग ‘रिमोट एनडीआयएस बेस्ड इंटरनेट शेअरिंग डिव्हाइस’. आयफोनला विंडोजवर आयट्यून्स किंवा ‘ॲपल डिव्हाइसेस’ ॲप लागतं आणि फोनवर ‘ट्रस्ट’ दाबावं लागतं. हे ॲप उतरवायलाच इंटरनेट हवं, तेव्हा ते आधीच घालून ठेवा.

एक खर्चिक खड्डा आहे. केबलने आलेलं नेट विंडोज साधं इथरनेट समजतं आणि निवांतपणे अपडेट, वनड्राइव्ह सगळं उतरवायला बसतं. दिवसाला दीड-दोन जीबीचा पॅक असेल तर तो दुपारीच संपेल. सेटिंग्जमध्ये इथरनेटखाली ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. खिडकीतल्या रेंजचा प्रश्न असेल तर ५ मीटरपर्यंतची यूएसबी २ केबल चालते; त्याहून लांब केबलचा भरवसा नाही.

मार्ग तिसरा: ब्लूटूथ

वेग प्रत्यक्षात १ ते २ एमबीपीएस. ईमेल, सातबारा पाहणं, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरणं इतपत ठीक. व्हिडिओ कॉलचं नाव काढू नका. त्याची खरी किंमत कळते ती डेटा केबल हाताशी नसते आणि वाय-फायचा ड्रायव्हर उतरवायचा असतो तेव्हा. ४० एमबीची फाइल दीड एमबीपीएसने चारेक मिनिटांत येते. फोन आणि लॅपटॉप पेअर करा, फोनवर ब्लूटूथ टेथरिंग चालू करा आणि लॅपटॉपवर त्या फोनच्या तीन टिंबांतून पर्सनल एरिया नेटवर्कला जोडा.

शेजारी शेजारी ठेवून

| मार्ग | खर्च | हाती येणारा वेग | कुठे अडतं |
|---|---|---|---|
| २.४ हॉटस्पॉट | शून्य | ३५–४५ एमबीपीएसपर्यंत | वायरलेस गर्दी |
| यूएसबी टेथरिंग | केबल असेल तर शून्य | सिमला मिळेल जवळजवळ तेवढा | फोन लॅपटॉपला बांधला जातो |
| ब्लूटूथ | शून्य | १–२ एमबीपीएस | व्हिडिओ, मोठ्या फाइली |
| दोन बँडचा अडॅप्टर | हजाराच्या आसपास | शंभरच्या पुढे जाऊ शकतो | ड्रायव्हर, एक पोर्ट अडतो |
| आतलं कार्ड | दोन हजारांच्या आसपास, मजुरी वेगळी | सगळ्यांत जास्त वायरलेस | प्रत्येक लॅपटॉपात बसत नाही |

मार्ग चौथा: यूएसबी अडॅप्टर

कार्ड खरंच मेलं असेल, किंवा ५जीचा वेग केबलशिवाय हवा असेल, तरच इथे या. दुकानात ‘नॅनो’ म्हणून मिळणारे सगळ्यांत स्वस्त अडॅप्टर, उदाहरणार्थ टीपी-लिंकचा डब्ल्यूएन७२५एन, फक्त २.४चे असतात. मेलेल्या कार्डाची जागा ते भरून काढतात, पण ५चा हॉटस्पॉट त्यांनाही दिसणार नाही. नेमकी हीच चूक करून लोक दुसऱ्यांदा पैसे घालवतात. खोक्यावर ‘ड्युअल बँड’ हे शब्द शोधा. आर्चर टी२यू नॅनोसारखा एसी ६०० वर्गातला अडॅप्टर ५वर ४३३ एमबीपीएसचा दुवा देतो आणि हॉटस्पॉटच्या कामाला पुरून उरतो. त्याहून महाग घेण्याचं कारण सहसा नसतं.

ड्रायव्हर यूएसबी टेथरिंगने उतरवून घ्या. लिनक्स वापरत असाल तर चिप कुठली आहे ते घेण्याआधी विचारा. रिअलटेकच्या काही चिपांना जुन्या कर्नलवर वेगळा ड्रायव्हर बांधावा लागतो. आणि २.४वर चालवताना अडॅप्टर चालू असलेल्या यूएसबी ३ हार्ड डिस्कच्या शेजारी खुपसू नका. यूएसबी ३चा विद्युत गोंगाट याच पट्ट्यात येतो आणि रेंज मरते. दुसऱ्या बाजूचं पोर्ट किंवा अर्ध्या मीटरची एक्स्टेन्शन केबल पुरते.

मार्ग पाचवा: आतलं कार्ड

लॅपटॉप अजून तीन-चार वर्षं वापरायचा असेल आणि कार्ड एकाच बँडचं असेल, तर हा सगळ्यांत नेटका इलाज. पण घेण्याआधी तीन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली, खाच: अलीकडच्या लॅपटॉपांत एम.२ २२३० आकाराचं कार्ड असतं, फार जुन्यांत हाफ मिनी पीसीआय एक्स्प्रेस. दोघांची अँटेनाची टोकंही वेगळ्या मापाची असतात. दुसरी, इंटेलची नावं: एएक्स २०१ आणि एएक्स २११ ही कार्डं फक्त ठरावीक इंटेल चिपसेटबरोबर चालतात, एएमडीच्या किंवा जुन्या लॅपटॉपात एएक्स २०० किंवा एएक्स २१० घ्यावं. क्रमांकात एका आकड्याचा फरक, पण चुकलात तर कार्ड मुळीच ओळखलं जात नाही. ही दोन्ही विंडोज ७वर चालत नाहीत, ६४ बिटचं विंडोज १० तरी हवं. तिसरी, कंपनीची बंदी: एचपी आणि लेनोव्होचे काही जुने लॅपटॉप बायोसच्या (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) यादीत नसलेलं कार्ड दिसलं की सुरूच होत नाहीत.

काम स्वतः करणार असाल तर आधी बॅटरीची जोडणी काढा. एकच स्क्रू असतो. कार्ड तिरकं वर येतं. अँटेनाच्या काळ्या-पांढऱ्या तारांचं टोक नखाने सरळ वर उचला, ओढू नका, आणि बसवताना टिक असा आवाज येईपर्यंत दाबा. तार नीट बसली नाही तर नवं कार्डही टेबलावरचाच फोन पाहील आणि पलीकडच्या खोलीतला नाही. काही स्वस्त लॅपटॉपांत अँटेनाची एकच तार असते. दोन तारांचं कार्ड त्यावर चालतं, पण अर्ध्या वेगाने. पातळ अल्ट्राबुकांपैकी काहींमध्ये कार्ड बोर्डालाच सोल्डर केलेलं असतं. तिथे मागचं झाकण उघडण्यातही अर्थ नाही. अडॅप्टर घ्या किंवा केबल लावा.