ऑफिसच्या ॲपवर ‘साहेबांचा’ मेसेज आला आणि मी ४,८६,००० रुपये सोडले

आकडा वरच सांगून टाकला, कारण भेटेल तो आधी तेच विचारतो. पैसे माझे नव्हते, कंपनीचे होते. पण बटण मी दाबलं.

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी अकाउंट्स बघते. शीटमेटलचं काम, तीस-पस्तीस माणसं, अकाउंट्सला मी एकटी. टॅली, जीएसटी, पगार, पार्ट्यांची पेमेंटं, सोळा वर्षं हेच करतेय. एका रुपयाचा फरक सापडेपर्यंत रात्री आठपर्यंत बसलेली बाई आहे मी. हे मिरवायला सांगत नाही. फसवणुकीचे अनुभव वाचताना मीही मनात म्हणायचे, ‘इतकं कसं कळलं नाही?’ म्हणून सांगतेय.

तीन वर्षांपूर्वी साहेबांनी ऑफिससाठी चॅट ॲप घेतलं. त्याआधी सगळं व्हॉट्सॲपवर चालायचं आणि गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगखाली कुणाच्या तरी पुतण्याच्या बारशाचे फोटो यायचे. ॲप आल्यावर साहेबांनी एकच नियम घातला. “फोन करू नका, ॲपवर टाका. मी बघून उत्तर देतो.” खरं सांगायचं तर ते बरंच झालं. साहेब लिहायचे, “कोटिंगवाल्यांचं सोडा.” मी पेमेंट सोडायचे आणि खाली यूटीआर नंबर, म्हणजे पेमेंट गेल्याचा बँकेचा क्रमांक, टाकायचे. साहेबांचा अंगठा आला की विषय संपला. दिवसाकाठी असे दहा-बारा मेसेज.

व्हॉट्सॲपवर मी हुशार होते. अनोळखी नंबरवरून लिंक आली की बोट लावायचे नाही. सासूबाईंना ‘केवायसी बंद पडेल’वाल्या फोनमधून मीच सोडवलं होतं. पण ऑफिसचं ॲप म्हणजे माझ्या लेखी वॉचमन बसलेल्या गेटच्या आतली जागा. आत जो बोलतोय तो आपलाच. ही समजूत मला कुणी शिकवली नव्हती आणि ती चुकीची आहे, हेही कुणी सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, गणपतीच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. साहेब दक्षिणेत एका प्रदर्शनाला गेले होते. तसं त्यांनी सोमवारीच ग्रुपवर टाकलं होतं, ‘शुक्रवारपर्यंत बाहेर आहे.’ बुधवारी संध्याकाळी मी निघायच्या तयारीत असताना मोबाईलवर ॲपने विचारलं, बाहेरच्या खात्यावरून तुमच्याशी बोलायचं आहे, स्वीकारायचं का? नाव साहेबांचं. फोटो साहेबांचा, तोच निळ्या शर्टातला. खाली मेसेज: “ताई, नवीन मोबाईल घेतला, जुनं लॉगिन अडकलंय. तोवर इथे बोला.”

मी स्वीकारलं. ‘बाहेरचं’ हा शब्द मी वाचला होता, पण साहेब बाहेरगावी होते, त्यामुळे मला तो विचित्रसुद्धा वाटला नाही. आता हे लिहिताना हसू येतं.

मग काम आलं. पावडर कोटिंगवाल्यांनी बँक बदलली आहे, पत्र जोडलंय, आज खातं ॲड करून ठेवा, उद्या पेमेंट करू. पत्र त्यांच्याच लेटरहेडवर. जीएसटी नंबर मी टॅलीत ताडून पाहिला, पंधराच्या पंधरा अक्षरं बरोबर. कॅन्सल चेकचा फोटोही होता. आणि या पार्टीचं तीन महिन्यांचं बिल खरोखरच थकलं होतं, तेही ४,८६,००० च्या आसपासच. इतकी आतली गोष्ट बाहेरच्याला कशी माहीत असेल? त्या वेळी माझा संशय फिटला तो याच मुद्द्यावर.

आता ओटीपीचं. बँकेची पद्धत अशी की एकाने पेमेंट भरायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं. आमच्याकडे कागदावर ती होती. प्रत्यक्षात मंजुरीचा ओटीपी ज्या सिमवर यायचा, ते सिम एका जुन्या हँडसेटमध्ये घालून साहेबांनी माझ्याच ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं, कारण ते सतत दौऱ्यावर. आमच्याकडे आठवड्याची सुट्टी गुरुवारी. बँका मात्र गुरुवारी चालू. म्हणून दर बुधवारी तो हँडसेट मी घरी न्यायचे आणि ग्रुपवर लिहायचे, ‘ओटीपीचा मोबाईल माझ्याकडे आहे.’ दोन वर्षं, दर बुधवारी. छोट्या कारखान्यांत अकाउंट्सला असणाऱ्यांनो, तुमच्या ड्रॉवरमध्येही असा एखादा मोबाईल असेल, तर आजच तो मालकाच्या हातात द्या. मालक कुरकुरले तरी द्या.

नवीन खातं ॲड करताना बँकेने खातेदाराचं नाव दाखवलं. आधी हे नव्हतं. खात्यात पैसे पडायचे ते निव्वळ नंबरावर, नाव तुम्ही काहीही लिहा. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पर्यंत आरटीजीएस आणि एनईएफटी या बँकेतून बँकेत पैसे पाठवायच्या पद्धतींना नाव दाखवायची सोय करा असं बँकांना सांगितलं, ती आमच्या बँकेत आली होती. आणि तिने तिचं काम चोख केलं. नाव आलं ते कोटिंगवाल्यांचं नव्हतंच, कुठल्यातरी ट्रेडर्सचं होतं.

मी थांबले. ॲपवर लिहिलं, “साहेब, नाव वेगळं दिसतंय.”

दोन मिनिटांत उत्तर: “हो, त्यांचीच दुसरी कंपनी, सिस्टर कन्सर्न आहे. जीएसटीचं काहीतरी चालू आहे त्यांचं. करा.”

इथे मी बुडाले. शंका आली होती, विचारलंही होतं. फक्त विचारलं ते चोरालाच. घरी येऊन भाकरी थापताना डोक्यात एकदा येऊन गेलं, साहेबांना फोन करावा का? पण त्याच मेसेजच्या वर लिहिलेलं होतं, “कस्टमरसोबत आहे, फोन उचलणार नाही.” शिवाय साहेबांचा नियम होताच. इतकी वर्षं पाळलेला नियम त्या संध्याकाळी मोडायला कारण काय होतं?

गुरुवारी सकाळी सव्वाअकराला मेसेज आला, “ताई, कोटिंगचं पेमेंट प्रोसेस करा.” ‘प्रोसेस’ हा शब्द मला खटकला. साहेब सोळा वर्षं ‘सोडा’ म्हणतात. फार तर ‘आरटीजीएस मारा’. वाटलं, शेजारी गिऱ्हाईक बसलंय म्हणून साहेब जरा नीट लिहितायत. लॅपटॉप उघडला, हँडसेटवर ओटीपी आला, टाकला. यूटीआर नंबर पाठवला. अंगठा आला.

शुक्रवारी साडेदहाला कोटिंगवाल्यांचा स्वतःचा फोन. “ताई, गणपती तोंडावर आलेत, पोरांचे पगार व्हायचेत. काहीतरी बघा ना.” मी म्हटलं, “अहो, काल सोडलं की. तुमच्या नवीन खात्यावर.” पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग, “कुठलं नवीन खातं?”

साहेबांना फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला.

१९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करायचा हे मला ठाऊक होतं, बँकेच्या मेसेजांत वाचलेलं. पण त्याआधी मी वीस मिनिटं बँकेच्या शाखेत घालवली. ती घालवायला नको होती. १९३० वर आधी फोन, बँक त्याच वेळी दुसऱ्या कुणीतरी बघायची. तिथे विचारतात ते हाताशी ठेवा: आपलं खातं, रक्कम, वेळ, यूटीआर. आरटीजीएसचा यूटीआर बावीस अक्षरांचा असतो. माझा आवाज इतका कापत होता की तीनदा चुकला, शेवटी स्टोअरवाल्या दादांनी वाचून दाखवला. मग मोबाईलवर तक्रारीचा नंबर येतो आणि चोवीस तासांच्या आत सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर उरलेली माहिती भरावी लागते. हे न केल्याने तक्रार अर्धवट राहते.

पैसे त्या ट्रेडर्सच्या खात्यातून गुरुवारी दुपारीच आणखी चार खात्यांत गेले होते आणि तिथून एटीएमने बाहेर. अशी खाती कमिशनवर वापरायला देणारी माणसं असतात, त्यांना पोलीस म्यूल म्हणतात. एका खात्यात ६१,००० रुपये अडकले, तेवढे गोठवले. मी गुरुवारी दुपारी बाराला फोन केला असता तर कदाचित बरेच हाती लागले असते. हे ‘कदाचित’ रात्री झोपू देत नाही.

आणि ते आत आले कसे? आमचा कॉम्प्युटरवाला मुलगा दिवसभर बसून खणत राहिला. तीन आठवड्यांपूर्वी खरेदी विभागातल्या आमच्या पोराला ईमेल आला होता, ‘तुमचा चॅटचा पासवर्ड आज संपतोय.’ त्याने लिंक उघडून जुना पासवर्ड टाकला. मोबाईलवर कोड येऊन दुसरी खात्री करायची सोय ॲपमध्ये होती, ती आम्ही कधी चालूच केली नव्हती, कारण कामगारांना कटकट नको. त्याच्या नावाने कुणीतरी आत शिरलं, आणि तीन आठवडे एक अक्षरही लिहिलं नाही. नुसतं वाचलं. ग्रुपवरचे दोन वर्षांचे मेसेज. साहेब मला ताई म्हणतात, कोणाचं किती थकलंय, ओटीपीचा मोबाईल बुधवारी कुणाकडे असतो, साहेब कधी गावाला जाणार. ॲपमध्ये शोधायचा चौकोन असतो, त्यात ‘पेमेंट’ एवढं टाकलं की आमचा सगळा संसार समोर. मग बाहेर साहेबांच्या नावाने खातं उघडलं. नाव आणि फोटो कुणीही काहीही लावू शकतं. ॲपने त्यावर ‘बाहेरचा’ अशी पट्टी लावली होती. कॉम्प्युटरवर ती ठळक दिसते, मोबाईलवर नावाशेजारी बारीक अक्षरांत. नावावर बोट ठेवलं असतं तर खाली ईमेल दिसला असता, आणि तो आमच्या कंपनीचा नव्हता.

तो पोरगा चोवीस वर्षांचा आहे. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत खाली मान घालून बसायचा. त्याला कुणी बोललं नाही. माझ्याबद्दल मात्र बोललं गेलं. ‘बाई सामील असणार, एवढं कुणी करतं का?’ हे मला पॅकिंगच्या मावशींकडून कळलं. पोलिसांनीही माझा फोन बघायला मागितला. ते त्यांचं कामच आहे, पण सोळा वर्षांनंतर आपला मोबाईल टेबलावर ठेवून समोर बसणं, तो अर्धा तास मी विसरणार नाही.

नंतर वाचायला लागले तेव्हा कळलं की आम्ही काही एकटे नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्यातल्याच सीरम इन्स्टिट्यूटमध्ये कंपनीचे प्रमुख अदर पूनावाला यांच्या नावाने व्हॉट्सॲपवर मेसेज आले, आणि एक कोटीच्या वर रक्कम दुसऱ्यांच्याच खात्यांत गेली. तिथे तर अख्खा अकाउंट्स विभाग असणार. २०२४ मध्ये अरुप या इंजिनिअरिंग कंपनीच्या हाँगकाँगच्या ऑफिसातल्या माणसाला शंका आली म्हणून त्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं, आणि कॉलवरचे साहेब व सहकारी सगळे संगणकाने बनवलेले निघाले. २० कोटी हाँगकाँग डॉलर गेले. म्हणजे चेहरा दिसला, आवाज ऐकला, तरी खात्री नाही. आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर आपण स्वतः फोन लावायचा, समोरच्याने दिलेल्या नंबरवर नाही. पार्टीचं खातं बदललं तर जुन्या बिलावरच्या नंबरवर विचारायचं. बदलाचं पत्र कितीही गोड असो.

अजून एक, जे मला उशिरा कळलं. फसवणूक लक्षात आल्या आल्या चॅटचे स्क्रीनशॉट घ्या, नाव आणि ईमेल दिसेल असे. शुक्रवारी दुपारी आम्ही पोलिसांना दाखवायला ॲप उघडलं तेव्हा त्या माणसाने त्याचे निम्मे मेसेज पुसून टाकले होते. पुसलेल्यांच्या जागी उरली होती माझीच उत्तरं. “हो साहेब.” “ॲड केलं.” “सोडलं साहेब.” वाचणाऱ्याला वाटावं, बाई स्वतःशीच बोलतेय.

साहेबांनी माझ्या पगारातून काही कापलं नाही. कोटिंगवाल्यांचे पैसे दोन हप्त्यांत दिले. त्या शुक्रवारी मात्र ते फोनवर एवढंच म्हणाले होते, “ताई, मला एक फोन का नाही केला?” मी काही बोलले नाही. मग तेच म्हणाले, “हां. मीच सांगितलं होतं.”

गुन्हा भारतीय न्याय संहितेतल्या फसवणुकीच्या आणि तोतयेगिरीच्या कलमांखाली, शिवाय आयटी कायद्याच्या ६६ सी आणि ६६ डी खाली दाखल आहे. ६१,००० परत मिळायला कोर्टाचा आदेश लागतो, अर्ज केलाय, तारीख पडते. ओटीपीचं सिम आता साहेबांच्या खिशात असतं. आणि ते खोटं खातं तपास चालू आहे म्हणून ॲपमधून काढायचं नाही, असं आम्हाला सांगितलंय. फक्त अडवून ठेवलंय. त्यामुळे अजूनही साहेबांना काही लिहायचं म्हणून नावाची पहिली दोन अक्षरं टाकली की खाली दोन साहेब येतात, एकाच निळ्या शर्टात.