मुलांबरोबर शिवायला बसायचंय: हाताने गोधडी की मशीनवर रजई?

पाच-सात वर्षांचं मूल ‘मला पण शिवू दे’ म्हणून मागे लागलं, की घरात साधारण दोन सूचना येतात. आजी म्हणते, जुनी साडी काढा आणि गोधडीला बसवा. आई-बाबांनी तोवर मोबाइलवर रंगीत चौकोन जोडून केलेल्या रजया पाहिलेल्या असतात, त्यांना मशीन हवं असतं. मग वाद सुरू होतो तो सुई बोटात जाण्यावरून. ती भीती रास्तच आहे, पण निवड करताना मी तिला दुसरा नंबर देईन. मुलाची शिलाई वाकडी जाणार हे तर ठरलेलंच आहे. ती कुठे खपते, हे आधी बघावं.

गोधडीत खपते. चारपदरी कापड मोठ्यांनी आधी कच्च्या दोऱ्याने पक्कं धरून ठेवलं, की मुलाचा धावदोरा कितीही भरकटला तरी चारही पदर एकमेकांना बांधण्याचं काम तो करतोच. पुढची ओळ सरळ येईल किंवा येणार नाही, गोधडीचं काही बिघडत नाही. कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेऱ्या घालत मध्याकडे जायची जुनी रीत आहे. तीत एक बाजू आजीची, एक आईची, एक नातीची अशी वाटणीही करता येते. कोणाचा टाका कुठला हे पुढे कितीतरी वर्षं ओळखू येतं, आणि त्यावरून घरात भांडणंही होतात.

रजईत मात्र वाकडेपणाचा हिशेब चुकवावा लागतो. शिवणकामात एका इंचाची आठ सुतं. दोन तुकडे जोडताना माया, म्हणजे शिलाईबाहेर सोडलेली कड, एक सूत जास्त घेतली गेली, तर दोन्ही तुकड्यांतून एकेक, म्हणजे दोन सुतं कमी झाली. असे चार जोड झाले की अख्खा इंच गेला. शेजारच्या ओळीत माया कमी पडली असेल तर ती ओळ तेवढी लांब. दोन्ही एकमेकींना जोडायला घेतल्या की कोपरे जुळत नाहीत, आणि मग मूल झोपल्यावर आई उसवत बसते. रजईच करायची असेल तर नेहमीच्या पाव इंचाऐवजी अर्धा इंच माया धरा आणि सुईपासून तेवढ्या अंतरावर मशीनच्या पत्र्यावर रंगीत चिकटपट्टी लावा. मुलाने सुईकडे न बघता पट्टीकडे बघत कापड सरकवायचं. याने बरंच काम सोपं होतं.

काम कोणाच्या वाट्याला किती येतं, हेही पाहायला हवं. रजईत तुकडे कापणं, प्रत्येक जोड इस्त्रीने दाबणं, बॉबिन भरणं, सुईत दोरा ओवणं हे सगळं मोठ्यांचं. मुलाच्या वाट्याला थोडीशी शिलाई आणि बराच वेळ पुढच्या तुकड्याची वाट पाहणं. गोधडीत उलट होतं. मोठ्यांची तयारी एकदाच, मग मूल आपलं आपण शिवत राहतं आणि तुम्ही शेजारी बसून भाजी निवडू शकता.

मशीनच्या बाजूने बोलायचं तर वेळ. सहावारी साडी सुमारे साडेपाच मीटर लांब. तिची चौघडी केली की साडेचार फूट बाय पावणेचार फुटांच्या आसपास गोधडी होते, पुण्याच्या थंडीत एका मुलाला पुरेशी. दीड-दीड इंचावर ओळी घालायच्या तर तीसेक ओळी, म्हणजे जवळजवळ 135 फूट धावदोरा. दिवाळीच्या सुट्टीत एवढं होणार नाही आणि अर्धवट गोधडी माळ्यावर जाईल. म्हणून पहिल्यांदा अठरा इंचांचं आसन करा. त्याला सुमारे अठरा फूट शिलाई लागते, रोज एक-दोन ओळी घातल्या तरी सुट्टीत संपतं. मशीनवर तेवढंच आसन, तुकडे कापून तयार असतील, तर एका दुपारी होतं. ज्या मुलाला आजच्या आज काहीतरी हातात हवं असतं, त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे.

चौकोनांचाच सोस असेल तर मधली वाट आहे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी या मूळच्या आफ्रिकी समाजातल्या बायका ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात. त्यात तुकडे आधी एकमेकांना जोडत नाहीत. कडा आत दुमडून तुकडा थेट खालच्या थरांवर ठेवायचा आणि धावदोऱ्याने पक्का करत कडेकडून मध्याकडे जायचं. एक तुकडा थोडा दुसऱ्यावर चढला तरी चालतं, त्यामुळे माप चुकण्याचा प्रश्नच मिटतो. मुलांसाठी मला ही रीत सगळ्यांत पटते.

कापडाबाबत दोन्हींकडे एकच सावधगिरी. हळदीकुंकवाचे आणि ओटीचे ब्लाउजपीस प्रत्येक घरात साठलेले असतात, आणि ‘हेच वापरू’ ही कल्पना सगळ्यांना सुचते. त्यांतले बरेचसे पॉलिएस्टर मिसळलेले असतात. ते हातातून निसटतात, कडेने सुटतात आणि मूल वैतागतं. पुष्कळदा धुतलेली सुती साडी, जुनी चादर किंवा मऊ झालेला सुती कुर्ता बरा. सुई सहज जाते. सुती कापडाची कातरणं ब्लाउज शिवणाऱ्या बाई बहुधा फुकट देतात. नवंच घ्यायचं असेल तर रविवार पेठेतल्या कापडगंजात मांजरपाट किंवा पॉपलिन घ्या आणि कापण्याआधी धुऊन आटवा. जीन्सचे तुकडे दोन्हींसाठी बाद.

हातशिलाईचं सामान किरकोळ आणि तुळशीबागेत मिळून जातं: मोठ्या नेढ्याच्या सुया, जाड सुती दोरा, बोटाला अंगुस्तान. पाच वर्षांखालच्या मुलाला आधी मॅटी (भरतकामाचं जाळीदार विणीचं) कापड आणि बोथट टोकाची सुई द्या. दाभण देऊ नका. दोरा मुलाच्या हाताएवढाच लांब घ्या, जास्त घेतला की गुंताच सोडवत बसावं लागतं. सुया मोजून काढायच्या, मोजून ठेवायच्या. फरशीवर हरवलेली सुई शोधायला लोहचुंबक जवळ असू द्या.

मशीन कुठलं, हा मात्र खरा पेच. खेळण्यातली छोटी मशीनं घेऊच नका. त्यांतली काही एकाच दोऱ्याची साखळी घालतात, टोक ओढलं की सगळी शिलाई उसवते. जरा बरी असतात तीही गोधडीचे थर पेलत नाहीत. पायाच्या मशीनला मुलाचे पाय पोचत नाहीत, आणि पोचले तरी चाक उलटं फिरून दोरा गुंततो. इलेक्ट्रिक घ्यायचं तर वेगाची मर्यादा ठरवता येणारं बटण असलेलंच घ्या. मूल पेडलवर पाय देतं तो एकदम पूर्ण, आणि सुई धावत सुटते. सुईपुढे बसवायची तारेची बोट-जाळीही मागा. पण घरात आजीचं काळं लोखंडी मशीन पडून असेल तर त्याच्याइतकं चांगलं काही नाही. त्याच्या चाकाला आरे असतील तर दुरुस्तीवाले हाताने फिरवायचं हँडल बसवून देतात. नव्या मशीनच्या मानाने तो खर्च काहीच नाही, आणि हात थांबला की सुई थांबते.

तेव्हा मूल सात वर्षांच्या आतलं असेल तर हाताने गोधडी किंवा कवंदी, त्यात मला शंका नाही. आठ-नऊचं असेल, एक तरी आसन हाताने पुरं केलेलं असेल आणि घरात हँडलचं मशीन असेल, तर खुशाल रजई. नुसतं ‘आवड लागेल’ म्हणून दहा-बारा हजारांचं इलेक्ट्रिक मशीन आणू नका. आणि घरात चार वर्षांचं धाकटंही असेल तर त्याला हँडल फिरवायला बसवा, कापड तुम्ही धरा. ‘थांब’ म्हटल्यावर ते लगेच थांबतं की नाही हे तिथेच कळेल, आणि त्यावरून सुई हातात कधी द्यायची याचा अंदाजही येईल.