कॅफिनच्या गोळ्या (२०० मिग्रॅ): ३ स्टार
गोळी काम करते, त्यात वाद नाही, अर्ध्या-पाऊण तासात डोळे टक्क उघडतात. पण डब्यावर 'थकवा घालवा' छापलंय ते साफ खोटं, कॅफिन मेंदूतल्या अ‍ॅडेनोसिनचे (झोप आणणारं रसायन) रिसेप्टर (ते जिथे चिकटतं त्या जागा) नुसते अडवतं, झोपेची थकबाकी साचतच राहते आणि निम्मं कॅफिन उतरायला साधारण ५ तास लागतात, म्हणजे रात्री ९ला घेतली तर २ वाजता पण निम्मा डोस अंगातच. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाची मर्यादा ४०० मिग्रॅ, म्हणजे दोनच गोळ्या, हे मात्र मागे मुंगीएवढ्या अक्षरात. का बुवा?

आणि सलग रात्री जागायला घेणार असाल तर थांबा जरा. नुसत्या जागरणानेच भास, संशय सुरू होऊ शकतात. अ‍ॅम्फेटामिन (जागं ठेवणारं, कॅफिनपेक्षा जोरदार औषध) तर वेगळंच प्रकरण, जास्त डोसमध्ये डोपामिन (मेंदूतलं एक रसायन) इतकं वाढतं की स्किझोफ्रेनियासारखीच (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) लक्षणं दिसतात, हे १९५८ सालीच सविस्तर लिहिलं गेलंय, आणि जोडीला जागरण असतंच त्यामुळे नेमका दोष कशाचा हे सांगणं अवघड. घरात सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) किंवा बायपोलरची (मूडचे टोकाचे चढउतार होणारा आजार) हिस्टरी असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय ही कॅफिनची गोळी पण नको. दोन स्टार लेबलपायी कापलेत.