डोळ्यातलं इंजेक्शन: अण्णांच्या काही महिन्यांच्या उपचारानंतर

हॉस्पिटलनं आपल्या सोयीनं इंजेक्शनची तारीख पुढं ढकलली आणि अण्णांना दाराची चौकट परत वाकडी दिसायला लागली. म्हणून हे लिहितोय. अण्णांना वेट एएमडी आहे, म्हणजे उतारवयात डोळ्याचा पडदा खराब होण्याचा आजार. ज्यांच्या घरी ओसीटीच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या स्कॅनच्या, फायली आहेत त्यांना आजार समजावायला नको. ज्यांचं पहिलं इंजेक्शन व्हायचंय त्यांनी नीट वाचा.

माझी तक्रार एकच: हे औषध टिकत नाही, आणि पैसे भरायच्या आधी ते कुणी सांगत नाही. डोळ्याच्या पडद्याखाली नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात. त्यांना वाढायचा निरोप देतं व्हीईजीएफ नावाचं प्रथिन. औषध त्या प्रथिनालाच धरून ठेवतं, मग गळती थांबते, सूज उतरते. पण शरीर प्रथिन बनवतच राहतं. औषध ओसरलं की निरोप परत सुरू. एवढं सांगायला कितीसा वेळ लागतो? आम्हाला सुरुवातीच्या तीन इंजेक्शनांचा खर्च सांगितला, पुढचं नावच काढलं नाही. निपाणीहून बेळगावला जायचं, अण्णांना धरून न्यायचं, रोजगार बुडवायचा, हे वर्षानुवर्षं चालणार असेल तर माणसाला आधी कळायला नको?

आधी रॅनिबिझुमॅब नावाचं औषध दिलं. बिल बघून आई गप्प झाली. मग त्याच कामाच्या बेव्हॅसिझुमॅबची चौकशी केली. 2004 साली अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालेलं औषध. 100 मिलिग्रॅमची कुपी, डोळ्याला लागतं 1.25 मिलिग्रॅम, म्हणून ते स्वस्त पडतं. स्वस्त म्हणजे दुय्यम, असंच मला वाटायचं. 2011 च्या अमेरिकेतल्या कॅट (CATT) नावाच्या, या दोन औषधांची तुलना करणाऱ्या चाचणीत वर्षभरानं दोन्हींचा नजरेवरचा परिणाम सारखाच निघाला, हे वाचून मत बदललं. डॉक्टरांशी बोलून औषध बदललं. अण्णांचा पडदा तितकाच कोरडा आला.

मात्र एका कुपीतून अनेक सिरिंजा भरतात. तिथं निर्जंतुकपणात कसूर झाली तर डोळा जाऊ शकतो. सिरिंज कुठं, कोण भरतं, हे मी तोंडावर विचारलं. तुम्हीही विचारा. इंजेक्शननंतर दुखणं वाढलं, नजर धूसर झाली तर रात्र काढू नका.

निपाणीत तंबाखूविरुद्ध बोललेलं कुणाला रुचत नाही, पण धूम्रपानानं या आजाराचा धोका वाढतो. अण्णांची विडी सुटली, याचा मला सगळ्यात जास्त आनंद आहे.

तारखेवरून भांडल्यावर आता पुढची तारीख कागदावर लिहून मिळते. पुढच्या ओसीटीत पडदा कोरडा निघाला तर दोन इंजेक्शनांमधलं अंतर दोन आठवड्यांनी वाढवू, असं डॉक्टर म्हणालेत. पाणी दिसलं तर परत चार आठवड्यांवर.