परवाना दाखवला, पण तो भलत्याच माणसाचा

अमेरिकेतल्या पारिया कॅन्यनच्या मुक्कामी ट्रेकसाठी बडोद्यात कोणी पैसे गोळा करत असेल, तर एक रुपयाही देण्याआधी परवान्याचा कागद नीट तपासा. आमच्या गटाला त्याच कागदावर फसवलं गेलं. तोच माणूस आता सुरतेत नवा गट जमवतोय असं कानावर आलंय, म्हणून हे लिहितोय.

आम्ही दांडिया बाजार, रावपुरा भागातली मंडळी. रविवारी पहाटे पावागड चढतो. काहीजण सांदण दरीही उतरून आलेत. हा गृहस्थ गणेशोत्सवात मंडळात भेटला. अस्सल मराठी, लाघवी बोलणं. घरी येऊन जेवला, आमच्या हिला म्हणाला, "वहिनी, तुमची सॅक मी स्वतः बघून देतो, खांद्याला त्रास व्हायला नको." बडोद्यात आपल्या माणसाने आपल्या भाषेत एवढ्या मायेने बोललं की पावती मागायलाही संकोच वाटतो. त्याचा सगळा धंदा या संकोचावर चालतो.

त्या वाटेची माहिती मात्र त्याला खरोखर होती. व्हाइट हाउस नावाच्या सुरुवातीच्या ठिकाणापासून (राष्ट्राध्यक्षांचं नव्हे) शेवटच्या लीज फेरीपर्यंत सुमारे ६१ किलोमीटर, चार-पाच दिवसांची चाल, नदी पुन्हा पुन्हा ओलांडायची, मध्येच पाय रुतवणारी वाळू. नदीचं पाणी गढूळ, म्हणून बिग स्प्रिंगसारख्या झऱ्यांवर बाटल्या भरून घ्यायच्या. हे सगळं बरोबर सांगितलं, म्हणून तर पुढचंही लोकांना पटलं.

'परवाना फी' म्हणून त्याने माणशी ३८ हजार वेगळे घेतले. प्रत्यक्षात ही फी मोजक्या डॉलरांची असते. परवाना मिळणं अवघड असतं ते संख्येमुळे: मुक्कामासाठी दिवसाला फक्त २० जणांना उतरू देतात आणि एका गटात १० पेक्षा जास्त माणसं चालत नाहीत. आम्ही चौदा होतो. माझ्या मावसबहिणीचा मुलगा फीनिक्सला असतो. त्याला कागद पाठवला, तर त्याचा लगेच फोन: "मामा, एका परवान्यावर चौदा नावं कशी?" मग फोटो मोठा करून पाहिला. तारखेतला आठचा आकडा शेजारच्या आकड्यांपेक्षा किंचित जाड होता आणि ओळीच्या जरा खाली बसला होता. भाच्याने तिथल्या परवान्यांचं काम पाहणाऱ्या कनॅब गावच्या कार्यालयात चौकशी केली. क्रमांक खरा निघाला, पण परवाना दुसऱ्याच कोणाच्या नावाचा आणि तोही फक्त दिवसभराच्या चालीचा.

पैसे घेऊन तिथे लोकांना नेणाऱ्याला वेगळा व्यावसायिक परवाना लागतो. तो विचारल्यावर उत्तर आलं, "तिथे कोणी विचारलं तर सगळे नातेवाईक आहोत असं सांगायचं." हे वाक्य कोणाच्याही तोंडून ऐकलंत तर तिथेच उठा.

मला पैशांपेक्षा जास्त संताप तारखांचा येतो. 'ऑफ सीझन सवलत' म्हणून त्याने ऑगस्ट विकला. त्या भागात जुलै ते सप्टेंबर वादळी पावसाचे महिने. पाऊस कुठेतरी दूर पडतो, डोक्यावर स्वच्छ ऊन असतं, आणि अरुंद घळीत अचानक लोंढा येतो. १२ ऑगस्ट १९९७ ला त्याच प्रदेशातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये अशाच लोंढ्यात ११ पर्यटकांचा जीव गेला. त्याच्या कार्यक्रमात एक मुक्काम चक्क पारियाला मिळणाऱ्या बकस्किन गल्च या घळीच्या चिंचोळ्या भागात लिहिला होता. तिथे दोन्ही बाजूंना सरळ भिंती, लोंढा आला तर वर चढायला जागा नाही. आमच्या गटात साठी ओलांडलेली जोडपी होती.

बिलावर टीसीएसची ओळ होती, त्यामुळे व्यवहार पक्का वाटत होता. परदेशी सहलीच्या पॅकेजवर विक्रेत्याने घेतलेला हा कर आपल्या पॅनवर जमा होतो आणि आयकर खात्याच्या वार्षिक नोंदपत्रात, म्हणजे फॉर्म २६एएसमध्ये, दिसतो. आमच्यापैकी कोणाच्याही फॉर्ममध्ये एक पैसाही दिसला नाही. रक्कम गेली होती ती एका व्यक्तीच्या बचत खात्यात, कंपनीच्या खात्यात नव्हे.

ज्यांनी शेवटचा हप्ता यूपीआयने दिला होता त्यांनी त्याच संध्याकाळी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, त्यामुळे त्यांचे थोडे पैसे बँकेने रोखून धरले. जुने हप्ते अजून अडकलेत. सायबर शाखेत आमची एकत्र तक्रार दाखल आहे. सुरत, अहमदाबाद किंवा इथल्याच कोणाला असा चौदा-पंधरा नावांचा परवाना मिळाला असेल, तर तो डिलीट करू नका. मूळ फाइल, चॅट आणि बँकेचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा आणि आपल्या शहराच्या सायबर शाखेत आजच जा. तुमची तक्रार आमच्या तक्रारीला जोडली गेली तर एकाच खात्यात किती जणांचे पैसे गेले ते पोलिसांना दाखवता येईल.