ॲडिसनची 'डीएनए क्लिअर' पूडल आणि आमची फजिती

मुलांना कुत्रा हवा होता आणि बायकोला घरभर केस नको होते, म्हणून स्टँडर्ड पूडल. केस खरंच फारसे गळत नाहीत, पण वाढतच राहतात, आणि सुटलेला केस आतच अडकून गाठी होतात, कानामागे तर पार नमदा. रोज विंचरायला लागतं. ते असो, तो आमचा आळस होता, फसवणूक वेगळीच.

पिल्लू घ्यायच्या आधी मी थोडं वाचलं होतं, की या जातीत ॲडिसन नावाचा आजार जास्त दिसतो आणि तो घराण्यात चालतो. मोठ्या शहाणपणाने ब्रीडरला विचारलं, ॲडिसनचं काय? तो म्हणाला, "साहेब, टेस्ट केलेलीय, निर्धास्त राहा." दोन दिवसांनी गुळगुळीत कागदाची रंगीत फाईल हातात आली, त्यात ओळ होती, 'ॲडिसन – डीएनए क्लिअर', म्हणजे जनुकं तपासली, या आजाराचा दोष नाही. पिल्लाची आई बघायची म्हटलं तर ती दुसरीकडे ठेवलीय म्हणे. आम्हाला तेही पटलं, काय सांगू.

बिट्टी तीन वर्षांची झाली आणि मधेच जेवण सोडायची, उलटी, दोन दिवस मलूल, सलाईन लावलं की परत टणाटण उड्या. दोनदा पोट बिघडलंय म्हणून निभावलं. तिसऱ्या वेळी आम्ही चार दिवस गावाला गेलो, तिला बोर्डिंगमध्ये ठेवलं, परत आणली तर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलीच, मागचे पाय लटपटत होते, हिरड्या पांढऱ्याफटक. रक्तात सोडियम कमी, पोटॅशियम वाढलेलं, आणि एवढी गळून गेलेली असूनही हार्टबीट मंद. डॉक्टरांनी एसीटीएच टेस्ट केली, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथींना चालना देणारं इंजेक्शन देतात आणि त्याआधी आणि तासाभराने कॉर्टिसोल, म्हणजे ताण सोसायला लागणारं हार्मोन, मोजतात. दोन्ही वेळा जवळपास काहीच नाही. किडनीजवळच्या ॲड्रिनल ग्रंथी हार्मोन बनवेनाशा झाल्या की असं होतं, ताण आला की जनावर कोसळतं, आणि सलाईनने तात्पुरतं सावरतं म्हणून आजार लपून राहतो.

मी तावातावाने फाईल दाखवली. डॉक्टर ती ओळ वाचून हसले, म्हणाले, पूडलचा ॲडिसन क्लिअर आहे असं सांगणारी डीएनए टेस्ट अजून निघालेलीच नाही, रिपोर्ट कुठून आणला? ओळ माझ्याच प्रश्नावरून टाईप केलेली होती! मग घरी बसून बाकीचे कागद बघितले. पिल्लाच्या आईच्या हिप्सचं, म्हणजे खुब्याच्या सांध्यांचं, ओएफएचं (कुत्र्यांचे सांधे एक्स-रेवरून तपासून नोंद ठेवणारी अमेरिकन संस्था) फायनल सर्टिफिकेट होतं, तारखा जुळवल्या तर तेव्हा ती जेमतेम १४ महिन्यांची, आणि ओएफए २४ महिन्यांच्या आत फायनल देतच नाही. नंबर त्यांच्या साईटवर टाकला तर दुसऱ्याच जातीचा कुत्रा निघाला. पाच मिनिटांचं काम होतं, पैसे द्यायच्या आधी केलं असतं तर... आणि पिल्लाच्या आज्या-मावश्यांना पुढे काय काय झालं हे विचारायला हवं होतं, कारण ॲडिसनमध्ये तेवढाच काय तो अंदाज.

ब्रीडरला फोन केला तर म्हणतो, "परत आणून द्या, दुसरं देतो." मिक्सर आहे का तो?

बिट्टी आता बरी आहे, रोज गोळी, महिन्याला इंजेक्शन, पाहुणे येणार असले की डॉक्टरांना विचारून गोळी थोडी वाढवायची. परवा त्या माणसाची नवीन पिल्लांची जाहिरात दिसली. ॲडिसनची ओळ तशीच आहे, खाली आता 'ब्लोट – डीएनए क्लिअर' पण आलंय, म्हणजे पोट फुगून पीळ पडतो तो. कोणीतरी त्याला ब्लोटबद्दल विचारलेलं दिसतंय.